आईच्या मनगटावरची धातूची रेघ

आप्पा,

आज आईला माझ्या लॅबमध्ये घेऊन गेले होते, आणि तिथून परत आल्यापासून तुमच्याशी भांडायचंय. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली की आता भांडून काय मिळणार, असं कोणीही म्हणेल. म्हणू दे. राग काही माणूस गेला म्हणून त्याच्याबरोबर जात नाही. आई जेवून आत आडवी झालीय, आणि मी हिमायतनगरच्या आमच्या फ्लॅटमध्ये जेवणाच्या टेबलावरचं खरकटं तसंच ठेवून लिहायला बसलेय. लॅबमध्ये माझ्या हाताखाली पीएचडी करणारी एक मुलगी आहे, नलगोंड्याची. हाताचा कंप मोजणारी आमची नवी पट्टी आईच्या मनगटावर चिकटवायची म्हणून तिने आईचा उजवा हात हातात घेतला, आणि तो नेहमीसारखा थरथरायला लागला. पोरगी गोड आहे, म्हणाली, "अम्मा, भयपडकंडी, कुछ नै होता." घाबरू नका, एवढंच तिचं म्हणणं. आई ओशाळून हसली, डाव्या हाताने उजवा हात दाबून धरला आणि तिला म्हणाली, "क्या करूं बेटा, मैं पहिले से ही डरपोक हूं." सत्तरी ओलांडलेली बाई एका अनोळखी मुलीची माफी मागत होती, स्वतःच्या हाताबद्दल. तो 'डरपोक' कुठून आला ते मला ठाऊक आहे. तो तुम्ही दिलेला आहे, आप्पा. चाळीस वर्षं तिने तो सांभाळून ठेवलाय.

तुम्ही काय करत होता ते मी लोकांना फार अभिमानाने सांगायचे. आबिड्सला सर्जिकल सामानाच्या दुकानात तुम्ही बीपीची यंत्रं दुरुस्त करायचा. तेव्हा ती सगळी पाऱ्याची असायची, उभी काचेची नळी आणि खाली पाऱ्याची छोटी कुपी. नळी काळवंडली, पारा मळला, की रीडिंग चुकायचं, आणि मग शहरातले मोठमोठे डॉक्टर तुमची वाट बघायचे. नांदेडच्या बाजूच्या खेड्यातून तुम्ही आलात. तिथे तुमच्या वडिलांना पाटलाच्या ओसरीवर चढायची मुभा नव्हती. आणि इथे हैदराबादला डॉक्टर स्वतःच्या केबिनमध्ये तुम्हाला खुर्ची देत, ते ज्या कपात चहा पीत त्याच कपांतला एक तुमच्यापुढे ठेवत. तुम्ही घरी येऊन ते सांगायचा. चहा कसा होता ते कधी नाही, कप कोणता होता ते सांगायचा. तो कप तुमच्यासाठी काय होता ते मला कळतं, मी काही दगड नाही. त्या कपासाठी तुम्ही काहीही केलं असतं. पण तुम्ही जे केलंत ते स्वतःच्या जिवावर केलं नाहीत, आईच्या जिवावर केलंत, आणि माझं भांडण तिथे सुरू होतं.

मलकपेठची ती दोन खोल्यांची जागा. पुढची खोली आणि मागे स्वयंपाकघर, खाली शहाबादी फरशी, दोन फरश्यांच्या मधे बोटभर जाईल एवढ्या भेगा. रविवारी सकाळी दहा-साडेदहाला तुम्ही स्वयंपाकघरात जुना पेपर अंथरता. खिडकी लावून घेता, कारण बाहेरच्या मंडईतून मिरचीचा खकाणा येतो आणि पाऱ्यात धूळ पडलेली तुम्हाला चालत नाही. मग सहा-सात यंत्रांतला मळका पारा एका चिनी मातीच्या वाडग्यात काढता. आई त्याच वेळी ओट्यापाशी उभी राहून भाकरी थापत असते. तुम्ही मला हाक मारता, "ये गं माय." कागदाचा कोन करून त्याच्या टोकाला टाचणीने भोक पाडलेलं असतं, तो मी दोन्ही हातांनी धरायचा. वरून तुम्ही पारा ओतता, मळी सगळी वर कागदाला चिकटून राहते आणि खालून चकचकीत तार पडत राहते. "हात हलवू नको. जोर लावू नको. त्याच्या वजनाने त्याला जाऊ दे," तुम्ही म्हणता. माझा हात हलत नाही. तुम्ही मान हलवून म्हणता, "हिचा हात बघा, खिळा ठोकल्यासारखा आहे." पुढे पारा पाण्याने धुवायचा, आणि धुतल्यावर वाळवायचा. वाळवायला तुम्ही काय करायचा, आठवतं? भाकऱ्या झाल्या की गरम तव्यावर तो वाडगा ठेवायचा. स्टोव्ह बंद आहे, नुसती धग आहे, पाणी तेवढं उडून जाईल, असं तुमचं गणित. खिडकी बंद. आई तिथेच, तव्याशेजारी कांदा चिरत.

पाणी उडून जायचं, आणि पाण्याबरोबर जे उडायचं ते दिसत नव्हतं. आणि जे सांडायचं ते दिसायचं, म्हणून ते आईच्या वाट्याला. बारीक बारीक गोळ्या फरशीवर पळायच्या, तुम्ही दोन पोस्टकार्डांनी जमतील तेवढ्या गोळा करायचा, उरलेल्या आई केरसुणीने झाडायची. केरसुणीने एकाच्या दहा होतात आणि दहाही भेगेत जातात. त्या फरशीवर ती दिवसभर वावरायची, दुपारी गारवा म्हणून तिथेच पदर टाकून झोपायची. तुम्ही सकाळी नऊला घराबाहेर, मी शाळेत. घरात चोवीस तास कोण होतं? हे सांगायला मटेरियल सायन्समधली डॉक्टरेट लागत नाही, आप्पा. घर जाळून कोळशाचा व्यापार म्हणतात तो हाच. तुम्ही तर वर त्या कोळशाचं कौतुकही करवून घेत होता.

आईचं अक्षर तुम्ही पाहिलेलं आहे. तुम्हीच सांगायचा की मुलगी बघायला गेलात तेव्हा तिने पाटीवर स्वतःचं नाव लिहून दाखवलं आणि तुम्ही तिथेच होकार दिलात. छापल्यासारखं अक्षर. डी.एड. झालेली बाई, लग्न होऊन हैदराबादला आली, आणि सगळ्या गल्लीचे अर्ज तिच्याकडून लिहून जायचे. मग हळूहळू काय झालं ते तुमच्या डोळ्यांसमोर झालं. आधी ती सही करताना थांबायला लागली. मग चहाचा कप बशीवर वाजायला लागला. मग विहारात जायचं टाळायला लागली, म्हणायची, चार बायका बघतात. दार वाजलं की मला पुढे करायची. कोणी मोठ्याने बोललं की डोळ्यांत पाणी, आणि घटकेत कारण नसताना माझ्यावर खेकसायची, मग स्वतःच रडायची. रात्ररात्र झोप नसायची तिला. पाहुण्यांसमोर तुम्ही ते किश्शासारखं सांगायचा. "आमची ही म्हणजे भित्री भागूबाई. झुरळ दिसलं तरी हात कापतात." लोक हसायचे, तीही हसायची. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणजे काय ते मी लहानपणी तिच्या त्या हसण्यात बघितलं.

मी दहावीत होते तेव्हा आबिड्सच्या एका मराठी शाळेत जागा निघाली. शिक्षिकेची, कायमची. आईने अर्ज माझ्याकडून लिहून घेतला, हे तेव्हा मला विचित्र वाटलं नाही, इतकी आम्हाला सवय झाली होती. मुलाखतीला तिने लग्नातली हिरवी साडी काढली. तिथल्या लोकांनी तोंडी सगळं विचारलं, ते तिला येत होतं, आणि मग म्हणाले, बाई, फळ्यावर चार ओळी लिहून दाखवा. खडू तीनदा मोडला. ओळ खाली घसरत गेली. चौथ्या ओळीला तिने खडू ठेवला आणि नमस्कार करून निघून आली. आबिड्सपासून मलकपेठेपर्यंत चालत आली, बसमध्ये लोक हात बघतील म्हणून. तुम्ही संध्याकाळी आलात, ऐकून घेतलंत आणि बूट काढता काढता म्हणालात, "मला वाटलंच होतं. मुळातच भित्री तू. चार माणसं बघितली की हातपाय गाळतेस. मन घट्ट करावं लागतं माणसाला." तुम्हाला वाढलं तिने. त्यानंतर तिने कुठेही अर्ज केला नाही आणि खडूच काय, पेन्सिलही चारचौघांत हातात धरली नाही.

हे एवढंच असतं तर मी म्हटलं असतं, माहीत नव्हतं बिचाऱ्यांना. अडाणीपणाने झालं. त्या काळात कोणाला काय माहीत होतं. हे मी स्वतःला कितीतरी वर्षं सांगितलं. मग तुमच्या किडन्या गेल्या आणि तुम्ही गेलात. तुमच्या जलदानाच्या दिवशी दुकानातले ते चाचा आले, तुमच्या शेजारच्या टेबलावर वजनकाटे दुरुस्त करायचे ते. मला जवळ बसवून डोळे पुसत म्हणाले, "बेटी, तुमारे बाबा बड़े जिगर के आदमी थे. एक डॉक्टरसाब दुकान पे आको बोले, ये पारे की भाप जहर है, हाथां कांपते इससे, दिमाग खराब होता. सेठ घबरा गए. बोले, आज से दुकान में पारा नक्को खोलो. हम सब परेशान, काम कैसा होना. तुमारे बाबा बोले, लाओ, मैं घर कू ले जातूं. जरा नै डरे." कौतुकाने सांगत होते हो ते. मी त्यांना पाणी दिलं, दारापर्यंत सोडून आले, आणि आत येऊन तुमच्या फोटोपुढची मेणबत्ती विझवली. आईने विचारलं, का गं? मी म्हटलं, पंख्याने विझली.

म्हणजे तुम्हाला माहीत होतं. शेठने स्वतःच्या दुकानात जे नको म्हटलं ते तुम्ही माझ्या आईच्या चुलीपाशी नेऊन ठेवलंत. हात कापतात, डोकं बिघडतं, हे तुमच्या कानांनी ऐकलंत, आणि घरी येऊन तिचे हात कापताना बघून तिला म्हणालात, तू भित्री. मला पारा घरी आणल्याचा जेवढा राग नाही तेवढा या एका वाक्याचा आहे. पारा पोटासाठी आणलात म्हणू. हे वाक्य कशासाठी आणलंत? एकदा, एकदाच तिला सांगितलं असतंत की अगं, हे तुझ्या मनाचं नाही, माझ्या कामाचं आहे, तर तिने तुम्हाला सोडलं नसतं. ती कुठे जाणार होती? खिडकी उघडली असती फार तर. पण मग केबिनमधली खुर्ची गेली असती, कप गेला असता, आणि चाचांनी तुम्हाला जिगरवाला म्हटलं नसतं. घाबरलेलं माणूस घरात होतं खरं, पण ते आई नव्हती.

आता माझ्या कामाचं सांगते, कारण तुमच्याइतकं ते कोणालाच कळलं नसतं आणि याचाही मला संताप येतो. आम्हीसुद्धा पातळ धातूवर काम करतो. पारा नाही, गॅलियम आणि इंडियम एकत्र केलं की तेही खोलीतल्या हवेला पातळच राहतं, दिसायला अगदी पाऱ्यासारखं. पण याची वाफ होत नाही, हे श्वासात जात नाही. आणि पारा जसा जरा जागा मिळाली की गोळा होऊन पळतो तसं हे पळत नाही. हवा लागली की याच्या अंगावर साय धरते, दुधावर धरते तशी, फक्त इतकी पातळ की डोळ्याला दिसत नाही. ती साय त्याला धरून ठेवते. म्हणून याची रेघ ओढता येते. मऊ रबरासारख्या पापुद्र्यावर आम्ही साचा ठेवतो, त्यात केसाहून कितीतरी बारीक फटी असतात, त्यांतून धातू दाबतो आणि साचा उचलतो. रेघ मागे राहते. मग तो पापुद्रा ताणा, पिळा, दुप्पट लांब करा, रेघ तुटत नाही, धातू पातळ आहे ना, तोही ताणला जातो आणि वीज वाहत राहते. ताणलं की विजेला अडथळा वाढतो, सैल सोडलं की कमी होतो. म्हणून असा पापुद्रा मनगटावर चिकटवला की हात किती हलतो, कसा हलतो, एकेक थरथर यंत्रावर उमटते. तुम्ही मळी म्हणून जी फेकून द्यायचा, तसल्याच सायीवर माझं पोट चालतं.

सुरुवातीची दोन वर्षं आमची रेघ तुटायची. रुंद रेघ जमायची, बारीक करायला गेलं की धातू फटीत उतरायचाच नाही, नाहीतर साय फाटून थेंब व्हायचे. पोरं जोर लावायची. मशीनने दाब वाढवून बघितला, दाब जेवढा जास्त तेवढे थेंब जास्त. एक दिवस चिडून मी सगळ्यांना बाजूला केलं, मशीन बंद केलं आणि मऊ रबरी पात्याने हातानेच धातू फिरवला. जोर न लावता, नुसतं त्याच्या वजनाने जाऊ दिलं. पूर्ण रेघ उतरली, एकही खंड नाही. नलगोंड्याची पोरगी सूक्ष्मदर्शकाखाली बघून म्हणाली, "मॅडम, आपका हाथ बिल्कुल नै हिलता." सगळे टाळ्या वाजवत होते आणि मी बाथरूममध्ये जाऊन तोंड धुतलं. त्या हाताच्या चालीवर आता आम्ही मशीन बसवलंय, ते त्याच बेताने चालतं, आणि आमच्या शोधनिबंधात त्याचं वर्णन दोन ओळींत आहे. तुमचं नाव त्यात नाही. घालणारही नव्हते.

आमची तिथली शिस्त तुम्ही बघितली असती तर हसला असता. हा धातू पाऱ्यासारखा विषारी नाही, तरी हातमोजे घातल्याशिवाय कोणी डबी उघडत नाही. खाली ताट ठेवल्याशिवाय ओतायचं नाही. थेंब सांडला तर वहीत नोंद. गेल्या वर्षी एका मुलाने सांडलेला थेंब बुटाने पुसला, तर मी त्याला इतकं बोलले की तो आठवडाभर माझ्यासमोर आला नाही. सगळे म्हणाले, मॅडम, थेंबभरच होता. थेंबभरच असतो. जेवायचा डबा तर मी दोन मजले खाली ठेवायला लावते. लोक म्हणतात मला वेड लागलंय. मी कोणाला कारण सांगत नाही, झाकली मूठ सव्वा लाखाची.

तर आज. ही पट्टी कंप असणाऱ्या माणसांसाठी आहे, आणि आईने स्वतःहून म्हटलं, माझा हात घे की तपासायला, तेवढाच कामाला येईल. मी नको म्हणत होते. पट्टी चिकटवली, पडद्यावर रेघ नाचायला लागली. आई बघत राहिली. "हा माझा हात?" "हो." "एवढा हलतो?" मग ती पडद्याकडे बघून दम धरायला लागली, ओठ घट्ट मिटून, मन घट्ट करून, तुम्ही सांगितलं होतं तसं. रेघ तशीच नाचत होती. पोरगी सहज म्हणाली, "अम्मा, ये सोचने से नै रुकता. ये डर का नै है. डर से हिलता तो कम-ज्यादा होता, ये एकसरीखा है." तिला काय माहीत ती काय बोलून गेली. आईने माझ्याकडे बघितलं. मी पट्टी काढली, तिला खाली कँटीनमध्ये नेलं, चहा सांगितला, आणि चाळीस वर्षांचं सगळं सांगून टाकलं. पारा, तवा, खिडकी, फरशीच्या भेगा, चाचा. मेंदूच्या डॉक्टरांनी मला काय सांगितलं तेही सांगितलं, लपवलं नाही. इतक्या वर्षांनी खात्रीने सांगता येत नाही, आता वयाचाही भाग असेल, पण तेव्हा जे सुरू झालं, हात, झोप, लोकांसमोर जायची भीती, ते सगळं पाऱ्याने होतं. अगदी ती भीतीसुद्धा. लाजरंबुजरं होतं माणूस त्याने, ते आजाराचं लक्षण असतं, हे पुस्तकात लिहिलेलं आहे, आई, असं म्हटलं मी.

तिने कप स्वतःकडे ओढला. मग म्हणाली, "म्हणजे मी भित्री नव्हते." मी म्हटलं, नव्हतीस. "आणि ह्यांना ठाऊक होतं?" मी म्हटलं, ठाऊक होतं. मला वाटलं होतं ती तुमची बाजू घेईल, नेहमी घेते. पोटासाठी केलं म्हणेल. तिने दोन्ही हातांनी कप उचलला, चहा बशीत सांडला तरी पुसला नाही, आणि शेजारच्या टेबलावर ऐकू जाईल एवढ्या आवाजात म्हणाली, "मग त्या दिवशी मी चालत आले ती कशाला? बसमधून आले असते की." एवढंच. मग तिने आणखी एक चहा मागवला, स्वतः, पोऱ्याला हाक मारून. तिने असं काही मागवलेलं मी आयुष्यात पाहिलेलं नव्हतं. येताना गाडीत ती खिडकीची काच खाली करून बसली होती, आणि मी म्हटलं धूळ येतेय, तर म्हणाली, येऊ दे.

इथे हे पत्र संपायला हवं. तुम्ही गुन्हेगार, ती सुटली, मी सोडवलं. पण घराजवळच्या सिग्नलला तिने मला विचारलं, "तुला कधी कळलं गं हे, पाऱ्याचं?" मी समोर बघत म्हटलं, "एम.एस्सी.ला असताना." ती म्हणाली, "बरं झालं. लहानपणी कळलं असतं तर तुझ्या जिवाला घोर लागला असता." आणि तिने माझ्या पाठीवरून हात फिरवला, तो थरथरता हात.

नववीत कळलं होतं, आप्पा. विज्ञानाच्या बाईंनी वर्गात थर्मामीटर दाखवून सांगितलं होतं, याची वाफ दिसत नाही, हात कापायला लागतात, माणूस माणसांत जायला घाबरतं. मला तेव्हाच कळलं ते कोणाचं वर्णन आहे. वर्गात मी मान खाली घातली. त्या रविवारी तुम्ही पेपर अंथरलात, खिडकी लावलीत, म्हणालात, ये गं माय, आणि मी येऊन बसले. तुम्ही आठवडाभर माझ्याशी चार वाक्यं बोलायचा नाहीत, त्या एका तासात बोलायचा. सांगितलं असतं तर तो तास गेला असता. त्या रविवारी नाही सांगितलं, पुढच्या रविवारी नाही, आणि पुढच्या वर्षी ती हिरवी साडी नेसून मुलाखतीला निघाली तेव्हा मी तिच्या निऱ्या सारख्या करून दिल्या आणि तेव्हाही नाही सांगितलं.

हे पत्र कुठे ठेवावं ते कळत नाहीये. नवऱ्याला मराठी येत नाही, मुलाला बोलता येतं पण वाचता येत नाही. घरात मराठी वाचणारी एकटी आईच आहे, आणि ती आता उठेल.